चौरस फोटो

प्रिय विहीणबाई,

पाकीट पोचलं. दरवेळी मी फोन करते, "पोचलं हो" म्हणते, तुम्ही "बरं झालं" म्हणता, मग आपण दोघी थोडा वेळ हवेबद्दल बोलतो आणि समोरची कधी फोन ठेवतेय याची वाट बघतो. या वेळी फोन केला नाही. दोनदा नंबर लावला आणि वाजायच्या आत बंद केला. जे सांगायचंय ते तोंडाने सांगायला गेले तर तिसऱ्या वाक्याला आपलं भांडण होईल, किंवा त्याहून वाईट म्हणजे आपण दोघी गोड गोड बोलू. म्हणून कागद घेतला. आमचे हे समोर शब्दकोडं सोडवत बसलेत. कुणाला एवढं लिहितेस म्हणाले, तर म्हटलं, विहीणबाईंना. तेव्हापासून पेन्सिल खाली ठेवून चष्म्यावरून बघतायत, जणू मी सुरीला धार लावतेय.

त्यांचं तरी काय चुकलं? सहा वर्षं ते माझा जळफळाट बघत आलेत. आपल्या मुलांचं जमलं नाही. कुणाचं किती चुकलं याचा निकाल आपण दोघींनी आपापल्या स्वयंपाकघरात कधीच लावून टाकलाय, आणि दोघींचे निकाल वेगवेगळे आहेत, ते राहू दे. आपली नात तेव्हा दोन वर्षांची होती. ती आईबरोबर तुमच्या घरी आली, माझा मुलगा बदली मागून लांब निघून गेला, आणि आमच्या वाट्याला आले मोठ्या सुट्टीतले पंधरा दिवस. तेही त्याच्या हक्काचे म्हणून. तो त्यातले चार दिवस येतो, तिला बागेत नेतो, आइसक्रीम देतो, आणि जाताना माझ्याकडे न बघता बॅग उचलतो. बाकीचे दिवस आमचे. दुधाची तहान ताकावर म्हणतात, पण माझ्या वाटीत ताकही तळाशीच असायचं.

उरलेलं सगळं वर्ष तुमचं. तुम्ही शाळेत खेळ शिकवायचात. निवृत्त झालात तरी गळ्यातली शिट्टी काही उतरली नाही. धावणं, उड्या, पोहणं, सगळं तुम्हाला येतं. माझे गुडघे जिना बघूनच कुरकुरतात. पाकिटाची कल्पना तुमचीच, हे मी मान्य करते. फोनवरचे फोटो मला दिसत नाहीत, बोट लागलं की पळून जातात, असं मी एकदा सहज बोलले होते. तर तुम्ही दुकानात जाऊन फोटो छापून घेतलेत आणि प्रत्येकाच्या पाठीवर सुवाच्य अक्षरात लिहून पोस्टाने पाठवलेत. तेव्हापासून महिन्या-दीड महिन्याने पाकीट येतंच. दुसरी कुणी असती तर मी तिचे पाय धरले असते. तुमचे धरवले नाहीत. मला त्या पाकिटातून एकच ऐकू यायचं, बघा, आमच्याकडे काय काय चाललंय.

फोटो आले, तशी मी चिकटवही आणली. जाड काळ्या पानांची. आमचा स्टुडिओ होता हे तुम्हाला ठाऊक आहे, पण तिथे मी काय करायचे हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. फोटो हे काढायचे, धुवायचे. मी कापायचे. ओळखपत्राचे फोटो कापून कापून माझ्या अंगठ्याला घट्टा पडलाय, तो अजून आहे. दोन्ही कान दिसले पाहिजेत, डोक्यावर बोटभर मोकळी जागा पाहिजे. कधी लोक लग्नातला जुना घोळक्याचा फोटो घेऊन यायचे आणि म्हणायचे, यातला एवढा एकच चेहरा काढून द्या. मी काढून द्यायचे. हे म्हणायचे, कापणं म्हणजे काय ठेवायचं ते ठरवणं. मी सांगते, ते खोटं आहे. हात आधी टाकायच्या बाजूकडे जातो.

पहिल्या पाकिटातला पहिला फोटो मात्र मी खरंच जागेसाठी कापला. पोरगी तीनचाकी सायकलवर, आणि मागे तुमची हिरव्या स्वेटरची बाही. नुसती बाही, कोपरापासून मनगटापर्यंत. आता नुसती बाही घेऊन मी काय करू? काढली. पान सुटसुटीत दिसलं. पुढच्या फोटोत तुमचा खांदा होता, तो गेला. मग एकात अर्धा चेहरा होता. अर्धा चेहरा ठेवू नये, ठेवायचा तर पूर्ण, नाहीतर नाही, हा आमच्या धंद्यातला नियम. तोही गेला. मग एका पाकिटात तुमचा पूर्ण चेहरा आला, हसरा, पोरीच्या गालाला गाल लावलेला. तिथे कुठलाच नियम माझ्या मदतीला नव्हता. मी कात्री घेतली आणि दोन गालांच्या मधून नेली. अशी सफाईने नेली की ह्यांनाही कळलं नाही. फोटो छान आलाय म्हणाले, फक्त हिची मान का वाकडी दिसतेय?

त्यानंतर मी काही मागे वळून पाहिलं नाही. पाकीट आलं की जेवणाचं टेबल पुसायचं, फोटो पसरायचे आणि आधी तुम्हाला शोधायचं. कुठे चप्पल, कुठे सावली, कुठे चष्म्याची काडी. पोरीकडे माझं लक्ष नंतर जायचं. कापलेले तुकडे कचऱ्याच्या डब्यात, आणि वर चहाचा चोथा. हे एकदा म्हणाले, तुझ्या वहीतून ही पोरगी अनाथ दिसते गं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं जळायला झालं काय होतं? ऐका. तिचा पहिला दात तुमच्या घरी पडला. मला त्याचा फोटो आला, दात नव्हे, दाताच्या जागची खिडकी. सायकलची मागची दोन छोटी चाकं तुमच्या अंगणात निघाली. तिला कडाडून ताप आला तेव्हा कपाळावर पट्ट्या तुम्ही ठेवल्यात. मी इथून फोनवर सांगत होते, पट्टी बदला, तर तुम्ही म्हणालात, "बदलली हो." त्या 'हो'चा मला आठवडाभर राग होता. लेकराच्या तापाचाही हेवा वाटावा इतकी मी घसरले होते. नावाचंच घ्या. जन्मली तेव्हा ती इवलीशी, गोल, दोन काळे टपोरे डोळे, अगदी कोटाच्या बटणासारखी. बटण हे नाव मी ठेवलं. तुम्ही तिला राणी म्हणता. मागे तिनेच मला समजावून सांगितलं की ती खरी राणी आहे, बटण ती फक्त सुट्टीत असते. आणि हाक? तुम्ही नुसत्या 'आजी'. मी 'फोटोआजी'. विशेषण दुसऱ्या नंबरला लागतं, विहीणबाई. पहिल्याला कशाला लागेल?

इथे आली की पहिले तीन दिवस तुमचेच. आजी दुधावरची साय काढते. आजी ओले केस विंचरत नाही. आजीला उलटी कोलांटी येते. मी साय काढायचे, केस वाळेपर्यंत थांबायचे आणि कोलांटीच्या वेळी स्वयंपाकघरात काहीतरी जळतंय असं म्हणून निघून जायचे. चौथ्या दिवसापासून ती माझी व्हायला लागायची. बाराव्या-तेराव्या दिवशी पुरती माझी झाली, की बॅग भरायची वेळ.

आता तो पोहण्याचा फोटो. तुम्हाला आठवत असेल, तलावात तुम्ही छातीभर पाण्यात उभ्या, आणि ती तुमच्या पसरलेल्या तळहातावर पालथी, हातपाय फाकून, तोंड उघडं. तो फोटो मी तीन दिवस टेबलावर ठेवला होता. तुमचं डोकं काढलं, खांदे काढले, पण तो तळहात तिच्या पोटाखाली. तो काढायचा तर पोट कापायला लागत होतं. शेवटी नखं कापायच्या बारीक कात्रीने मी तिच्या कडेकडेने कापत गेले आणि अख्खी पोरगीच पाण्यातून उचलून काढली. वहीत निळा कागद चिकटवला आणि त्यावर तिला ठेवलं. हे बघायला आले. मग म्हणाले, "हिला धरलंय कुणी?" मी म्हटलं, पाण्यानं.

या सुट्टीत बटण आठ वर्षांची होऊन आली. आल्या आल्या वही मागितली. दरवर्षी मागते, पण आधी नुसती स्वतःला बघायची, हसायची आणि पळायची. या वेळी पानं सावकाश उलटली. मी शेजारी भाजी निवडत बसले होते. निळ्या कागदाच्या पानावर ती थांबली आणि बोट ठेवून म्हणाली, "इथे आजीचा हात होता." रागाने नाही हं. आपण म्हणतो ना, या कोपऱ्यावर पूर्वी दुकान होतं, तशी. मी म्हटलं, हो का? तर म्हणाली, होता, आजी सारखी म्हणत होती मी हात काढू का, आणि मी नको नको म्हणत होते. मग तिने वही मिटली. मला म्हणाली, वहीत जागा पुरत नसेल ना फोटोआजी? मी मान हलवली. आठ वर्षांच्या पोरीने मला खोटं बोलायलासुद्धा लावलं नाही, खोटं स्वतःच शोधून माझ्या हातात ठेवलं.

संध्याकाळी तुमचा फोन आला, तेव्हा मी पडद्याआड कपड्यांच्या घड्या करत होते. तिने तुम्हाला जेवणाचं सांगितलं, शेजारच्या मांजराचं सांगितलं, आणि मध्येच म्हणाली, "आजी, इकडच्या वहीत तू कुठेच नाहीस. पण जागा पुरत नाही म्हणून." तुम्ही काय म्हणालात ते मला ऐकू आलं नाही. एवढंच कळलं की तुम्ही काहीतरी म्हणालात आणि ती हसली. मग फोन माझ्याकडे आला, तर तुम्ही माझ्या गुडघ्यांची चौकशी केलीत. माझे कान असे तापले होते की फोन लांब धरावा लागला.

सुट्टी संपली तशी तुमची लेक तिला न्यायला आली. मी तिला अजून सूनबाईच म्हणते, आणि तिनेही कधी हरकत घेतली नाही. बटण ह्यांच्याबरोबर मांजराला टाटा करायला गेली, तेव्हा सूनबाईने कप विसळता विसळता मला सांगितलं. लग्न करतेय. माणूस चांगला आहे, बटणलाही आवडतो. त्याचं गाव लांब आहे, सहामाही झाली की तिकडेच शाळा घ्यायची. हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, नळाकडे बघत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. खरं सांगते, मला तिच्यासाठी वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. पोर किती वर्षं एकटी ओढणार? माझ्या मुलाला तिने आधीच कळवलं होतं. तो "बरं" म्हणाला. त्याच्या तोंडून तेवढं निघालं हेही खूप.

पण पुढचं ऐका. मी तिला विचारलं, आमच्या पंधरा दिवसांचं काय? म्हणाली, ते तसेच राहतील आई, ते ठरलेलेच आहेत. मग मी विचारलं, आणि तुझी आई? तर ती म्हणाली, त्या घरात खोल्या कमी, त्याची आई तिथेच असते, त्यामुळे आई इथेच राहील. येईल जाईल. विहीणबाई, त्या क्षणी माझ्या मनात काय आलं तेही लिहिते. सुंठीवाचून खोकला गेला, हे आलं. बाई गं, मला आनंद झाला. कपाटावरचा डबा काढायला मी पंजांवर उभी राहिले आणि गुडघा दुखलासुद्धा नाही. म्हटलं, आता कळेल. आता बसा पोस्टमनची वाट बघत. माझे पंधरा दिवस पक्के, आणि तुमचं 'येईल जाईल'.

तो आनंद चहा उकळेपर्यंत टिकला. कारण सूनबाईने मग फोनवर त्या बाईंचा फोटो दाखवला. होणाऱ्या नवऱ्याची आई. तुम्ही बघितला असेलच. आपल्या दोघींपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, केस कापलेले, स्वतः गाडी चालवते म्हणे. घरामागे झाडाला झोका बांधलाय, खास पोरीसाठी. आणि त्या झोक्यावर आपली बटण, आपली राणी, आणि मागून त्या बाईंचे दोन्ही हात तिच्या खांद्यांवर. मी बोटं लावून तो फोटो मोठा केला. मोठा करून करून त्या बाईंना चौकटीबाहेर घालवलं, आणि हात वर घेतल्यावर तो आपोआप परत होता तसा झाला. सूनबाई म्हणाली, किती छान आहेत ना त्या? मी म्हटलं, झोक्याची दोरी तपासून घ्या.

तेव्हापासून माझी झोप गेलीय. तुमच्यावर जळणं मला सवयीचं होतं, त्याची जागा ठरलेली होती, दुखऱ्या गुडघ्यासारखी. ही तिसरी कोण आयत्या बिळावरची? ताप तुम्ही काढलात, चाकं तुम्ही काढलीत, पोहायला तुम्ही शिकवलंत, आणि खेळायला तयार झालेलं पोर झोक्यावर बसवायला ही आली. बघा, मी तुमच्या बाजूने भांडायला लागले. ह्यांना हे बोलून दाखवलं तर ते म्हणाले, विहीणबाईंना आता नवी विहीण मिळेल नाही का? ते तर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्याचाही राग आला. कोणाचा, ते विचारू नका.

आणि या सगळ्यात पाकीट आलं. मी नेहमीप्रमाणे टेबल पुसलं, चष्मा लावला, फोटो पसरले, आणि तुम्हाला शोधायला लागले. एकाही फोटोत सापडला नाहीत. बाही नाही, सावली नाही, चष्म्याची काडीसुद्धा नाही. आधी वाटलं, या वेळी फोटो तुम्हीच काढले असतील. मग हाताला लागलं. दुकानातून फोटो आडवे लांबट येतात, सगळे एका मापाचे. हे चौरस होते. एक थोडा रुंद, एक अरुंद. कडा बघितल्या तर एकही सरळ नाही. घरातल्या कात्रीने, उभ्या उभ्या कापलेल्या कडा, मला आंधळेपणीही ओळखू येतील. उलटे करून बघितले. पाठीवर तुमचं अक्षर, आणि अक्षरही कापलेलं. 'तिसरीचा पहिला दि', आणि पुढे कड. 'बागेत मी आणि', पुढे कड. लिहून झाल्यावर कापलेत तुम्ही. आणि एका फोटोत, तो लाल झग्यातला, तिचा कोपर गेलाय. तुमचा हात तिच्या हातात अडकला असेल, सुटेना, म्हणून तिचाच कोपर घेऊन गेलात.

पहिल्यांदा मला राग आला, तोही कसबाचा. असं कापतात का? मग वाटलं, हे तुम्ही टोमणा म्हणून केलं असतं तर बरं झालं असतं. टोमण्याला मला उत्तर देता येतं, माझं अर्धं आयुष्य त्यात गेलंय. पण पाकिटात चिठ्ठी नव्हती, फोनवर तुमचा आवाज नेहमीचाच. खूप वेळ विचार केला, तेव्हा कळलं, की तुम्ही मला मदत केलीत. जागा पुरत नाही ना, मग आपणच सुटसुटीत करून पाठवू. आणि त्याहून पुढचं कळलं तेव्हा माझ्याच्याने चहा संपवला गेला नाही. तुम्ही स्वतःला सवय लावताय. ती जाणार, तुम्ही मागे राहणार, तर आत्तापासूनच बाजूला होऊन बघताय, पोर एकटी कशी दिसते ते. मी हे सहा वर्षं तुमच्यासाठी मागत होते, विहीणबाई. मिळालं, आणि मला ते बघवत नाही. एक विनंती करते, पुढच्या पाकिटात फोटो अख्खे पाठवा. कापणं तुम्हाला येत नाही. ते काम माझं आहे, आणि आता मी ते करणार नाही.

ती गेल्यानंतरच्या पहिल्या आठवड्याबद्दल सांगते, कारण त्यात माझा हात कुणी धरणार नाही. तिची उशी लगेच धुऊन टाका, ठेवू नका. पलंगाखाली एखादा मोजा सापडेल, तो सापडला की तुम्ही खाली बसाल, म्हणून आधीच कुणाला तरी झाडायला सांगा. चारच्या सुमाराला, शाळा सुटायच्या वेळी, घरात थांबू नका. शिट्टी घेऊन मैदानावर जा आणि दुसऱ्यांच्या पोरांना ओरडा. लोक म्हणतील, तुम्ही केव्हाही या. मलाही म्हणाले होते. केव्हाही म्हणजे कधीच नाही, हे मी सहा वर्षांत शिकले. म्हणून मी तसं म्हणणार नाही. मी दिवस सांगते.

पुढच्या मोठ्या सुट्टीत बटण इथे येईल, ते पंधरा दिवस माझे आहेत. सूनबाई जाताना दारात म्हणाली होती, आई, तुम्ही दोघी आठवडा-आठवडा वाटून घ्याल का? मी तोंडावर नाही म्हटलं. तिला वाईट वाटलं, तुम्हालाही कळलं असेल. त्यातला एक दिवसही मी तुम्हाला देणार नाही, माझं मन एवढं मोठं नाही, उगाच नाकाने कांदे सोलत नाही. पण घर मोठं आहे. स्टुडिओची खोली रिकामी पडलीय, ह्यांनी कालपासून त्यातल्या ट्रंका हलवायला घेतल्यात आणि खिडकीला पडदा कुठल्या रंगाचा हवा ते मला तुम्हाला विचारायला सांगितलंय. तेव्हा तुम्हीच इथे या. पोर यायच्या आदल्या दिवशी या, ती जाईल त्याच्या दुसऱ्या दिवशी निघा, मधलं काही ऐकून घेणार नाही. सायीचं दूध तुम्ही बघा. तलाव इथून जवळ आहे, मी काठावर बसेन, तुम्ही हात धरा. तीन दिवस तुमचे आणि मग माझे, असं आता चालणार नाही, ती दोघींना एकदमच भेटेल, तेव्हा कुणाकडे आधी धावते ते बघायला मी दारात उभी असेन, तुम्हीही असालच. एकच गोष्ट आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे नंतर वाद नको. पहिल्या रात्री ती माझ्याजवळ झोपेल. दुसऱ्या रात्रीचं बघू.

तुमचीच,
पहिली विहीण